बघून घेईन

रविवार, २४ नोव्हेंबर

ही वही खरं तर पाठाच्या टाचणाची. शाळेत एक जास्तीची आली होती, ती घरी आणली. पानापानावर रकाने छापलेले आहेत: उद्दिष्ट, साहित्य, मूल्यमापन, शेरा. एकतीस वर्षं ते इमानेइतबारे भरले. आता त्यांच्या अंगावरून आडवंतिडवं लिहिणार आहे, आणि तपासायला केंद्रप्रमुख येणार नाहीत.

तर उद्दिष्ट: उद्या सायकलवर शाळेत जाणे. साहित्य: एक निळी लेडीज सायकल, एक शिरस्त्राण, शिरस्त्राणावर एक कॅमेरा. आणि मी, वनमाला, वय वर्षे त्रेपन्न.

तुळजापुरात लहानपणी माझे दोघं भाऊ सायकल शिकले. मागं कॅरिअर धरून पळायचं काम माझं. त्यांना सायकल आली, मला नुसतं पळता आलं. यंदा जूनमध्ये बदली होऊन लोहाऱ्याला आले, शांतम्मांच्या घरी खोली घेतली आणि माकणी रस्त्यावरच्या शाळेत काळीपिवळी जीपनं जाऊ लागले. आठ माणसांच्या जागेत सोळा. पाच महिने मी कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर अर्धी बसून ज्ञानदानाला गेले. दिवाळीच्या सुट्टीत म्हटलं, पुरे. पहाटे उठून कॉलेजच्या मैदानावर सायकल शिकले. सहा वेळा पडले. सातव्या खेपेला पूर्ण फेरी मारून उतरले आणि तिथंच उभी राहून ढसाढसा रडले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. (हे वाक्य ह्यांच्या नजरेस पडू नये.)

हे म्हणजे गुरुप्रसाद. निवृत्त ग्रंथपाल, तुळजापूर सोडायला तयार नाहीत, म्हणून मी शनिवार-रविवार तिकडे जाते. ह्यांचा सायकलला विरोध. शेवटी भैरवीनं, आमच्या लेकीनं, पुण्याहून हा कॅमेरा पाठवून तोड काढली. रोजचं चित्रण जपून ठेवायचं आणि त्यातलं बाबांना दाखवायचं. ह्यांनी अट घातली: "ज्या दिवशी त्यात एक जरी वेडावाकडा प्रकार दिसला, त्या दिवशी सायकल बंद. मुकाट्यानं जीपनं जायचं."

कबूल केलं. न करून सांगते कुणाला!

सोमवार, २५ नोव्हेंबर

गेले! सात किलोमीटर, एक्कावन्न मिनिटं. दोन कुत्री, एक ट्रॅक्टर, तीन मोटारसायकली आणि एक एसटी मला ओलांडून गेली. मी फक्त एका म्हशीला ओलांडलं, तीही उभी होती. शाळेच्या फाटकात पोरांनी असा गलका केला की चौथीतली प्रतीक्षा घंटेकडं धावली आणि वेळेआधीच घंटा वाजवून मोकळी झाली.

निघताना शांतम्मांनी दारात अडवलं. "बाई, कितीला निगता? रोज हेच टायम का? त्या नळकांडी पुलापाशी कितीला पोचता?" घरमालकीण म्हणून ठीक आहेत, पण चौकशा फार. माहेर मुरुम गावाकडचं, घरात कानडी बोलतात. मला कानडीतलं 'अक्का' सोडून काही कळत नाही.

संध्याकाळी चित्रण पाहिलं. एक्कावन्न मिनिटं आकाश, विजेच्या तारा आणि कडुलिंबाचे शेंडे. कॅमेरा वर तोंड करून बसला होता. एक बगळा मात्र सुंदर आला आहे.

बुधवार, २७ नोव्हेंबर

आज रस्त्यात भलतंच घडलं.

नळकांडी पुलाच्या आधी रस्ता वळतो. त्या वळणावर मागून काळीपिवळी आली. भोंगा वाजवला, मग वेग कमी करून माझ्या बरोबरीनं आली. चालकानं शेजारच्या उतारूवरून वाकून खिडकीतून डोकं बाहेर काढलं, माझ्याकडं रोखून पाहिलं आणि ओरडला, "निधन हो गं री, अक्का!"

आणि गेला निघून.

मी सायकलवरून उतरून पुलाच्या कठड्यावर बसले. या माणसाचं मी काय वाकडं केलं? जीपमध्ये एक उतारू कमी झाला, एवढाच राग?

रात्री डोकं शांत झाल्यावर भाषेचा विचार केला. धमकी देणारा माणूस 'मर' म्हणतो. 'निधन' आपण थोरामोठ्यांसाठी वापरतो. शिवाय निधन 'होतं', कुणाला 'निधन हो' असं सांगता येत नाही. वर 'गं'च्या पुढं 'री' कसली? व्याकरणाच्या नावानं बोंब. पण वृत्ती स्पष्ट आहे. ह्यांना सांगायचं नाही. सांगितलं की सायकल गेली.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

कॅमेऱ्याची बातमी माझ्याआधी माकणीपर्यंत पोचली. पोरं मला 'तीन डोळ्यांच्या बाई' म्हणतात. रस्त्याकडेचा भाजीवाला मी दिसले की केसांवरून हात फिरवतो. एका शेतकऱ्यानं सायकल अडवून शेजाऱ्यानं कोरलेला बांध चित्रित करायची गळ घातली. एक मोटारसायकलवाला उलट्या बाजूनं येत होता, त्यानं कॅमेरा पाहिला, थांबला, उतरला आणि गाडी ढकलत आपल्या बाजूला नेली. पंचविसाव्या पावलाला पुन्हा उलट्या बाजूला आला, ती गोष्ट वेगळी.

भांडण झालं ते धुळाप्पाशी. त्याच्या चाळीस शेळ्या रस्ता आपला समजून चालतात. मी घंटी वाजवली, तर तोच माझ्यावर चढला. "फिलीम काडू नका बाई! नजर लागती, दूद आटतं."

"मग शेळ्या बाजूला घ्या."

"त्या माझं ऐकत असत्या तर म्या शेळ्या राखल्या असत्या का?"

 दहा मिनिटं शेळ्यांच्या मागून शेळीच्या गतीनं गेले. तो मधून मधून वळून कॅमेऱ्याकडं पाठ आहे ना याची खात्री करत होता.

मंगळवार, ३ डिसेंबर

हा माणूस रोज ओरडतो. रोज, न चुकता, त्याच वळणावर, नऊ पस्तीसला. आज तर हातवारेही केले. पंजा उपडा करून खाली, खाली, खाली दाबून दाखवला. म्हणजे मातीत गाडीन! आणि वर हसला. जीपमधले लोकही माझ्याकडं बघून हसले.

मी शिक्षिका आहे, पण तुळजापूरची आहे. आज मीही गप्प बसले नाही. सायकल दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि त्याच्यामागं ओरडले, "बघून घेईन!"

तर त्यानं खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. किती निर्ढावलेला असावा माणूस!

पण खरं सांगू? ओरडल्यावर फार बरं वाटलं. पुढचे चार किलोमीटर पायांत वारं शिरलं होतं. पंचेचाळीस मिनिटांत शाळा.

रविवार, ८ डिसेंबर. तुळजापूर

दुपारी जेवणं झाल्यावर चित्रण दाखवायचा कार्यक्रम. निवडक प्रसंग मी आधीच वेगळे काढून ठेवले होते: तुरीचा फुलोरा, सलाम करणारी पोरं, धुळाप्पाची पाठ. वळणावरचा एकही तुकडा त्यात नव्हता. ह्यांनी चष्मा पुसून सगळं पाहिलं.

"तू गातेस की काय सायकल चालवताना?"

"छे. वारा असेल."

"वारा भूपाळी गातो वाटतं," हे म्हणाले. ह्यांच्या कानांपुढं काही लपत नाही. ग्रंथालयात तीन कपाटांपलीकडं कुणी पुस्तकाचं पान फाडलं तर ह्यांना जागेवरून कळायचं, आणि कुठल्या पुस्तकाचं तेही. म्हणून तर ते तुकडे वगळले.

नवऱ्यापासून लपवाछपवी करायची वेळ या वयात यावी! पण सायकल सोडायची नाही. ती माझी आहे. आजवर मी जिथं गेले तिथं कुणीतरी नेलं म्हणून गेले. आता मी माझी जाते.

गुरुवार, १२ डिसेंबर

आज पाठलाग झाला.

उसाचा हंगाम सुरू झालाय. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर गाणी लावून येतात, आणि उसाची मोळी अशी बाहेर आलेली असते की रस्त्याकडेचं झाडसुद्धा अंग चोरेल. असा एक ट्रॅक्टर मागं लागला होता. तेवढ्यात ती जीप त्याच्या पुढं घुसली आणि माझ्या मागं येऊन राहिली. पुढं जाईना. ट्रॅक्टरवाला भोंगा वाजवून शिव्या देतोय, तरी ही हलेना. माझ्या सायकलच्या गतीनं, दहा हातांवर, शाळेच्या फाट्यापर्यंत तिची घरघर माझ्या पाठीशी! मी मागं वळून बघितलंच नाही. फाट्याला मी वळले, तेव्हा ती सरळ गेली, आणि जाता जाता पुन्हा तेच: "निधन हो गं री!"

"बघून घेईन!" म्हटलंच मी. आता सवयच झालीय.

शनिवार, १४ डिसेंबर

सकाळची शाळा. परतताना उतारावर पाय उचलून धरले आणि पूर्ण उतार तशीच आले. ज्वारी वाऱ्यावर लवत होती. धुळाप्पानं काठी वर करून हाक दिली, "बाई, आज एका बोकडाची फिलीम काडा की! बाजारात दाखवायची हाय." नजर फक्त शेळ्यांना लागते, बोकडांना लागत नाही, असं त्यानं समजावलं. काढली. बोकड फार रुबाबदार आहे आणि त्याला ते ठाऊक आहे.

गुरुवार, १९ डिसेंबर

घात झाला. माझ्याच हातानं.

घरच्या ग्रुपवर बोकड पाठवायचा होता. बोटाचा नेम चुकला आणि २७ नोव्हेंबरचा वळणावरचा तुकडा गेला. 'बघा किती छान' असं वर मीच लिहिलेलं.

दोन मिनिटांत ह्यांचा फोन. "हा कोण? तुझ्या निधनाची इच्छा करतोय तो छान?"

मी काही बोलणार, तोच म्हणाले, "ठरल्याप्रमाणं. रविवारी टेम्पो घेऊन येतो. सायकल इकडं. तू जीपनं जायचंस."

"त्याच्याच जीपनं? रस्त्यावर तीच तर एक वेळेवर येते!"

ह्यांनी फोन ठेवला.

सायकल अंगणात शांतम्मांच्या जास्वंदीला टेकून उभी आहे. मी आत-बाहेर करतेय. रडायला येतंय आणि रागही येतोय. विचार करता एकच मार्ग दिसतो: त्या माणसाचाच बंदोबस्त करायचा. तो थांबला की धोका गेला, धोका गेला की सायकल राहिली. उद्या पोलिसांत जाते.

शुक्रवार, २० डिसेंबर

तक्रार दिली. दोन पानं, रेघ मारून समास सोडून. "सदर इसम दि. २७ नोव्हेंबरपासून कामकाजाच्या प्रत्येक दिवशी, सकाळी ९.३५ च्या सुमारास, भररस्त्यात, उतारूंच्या समक्ष, माझ्या निधनाची इच्छा उच्चरवात व्यक्त करीत आहे." हवालदार कोंडीराम यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "बाई, अशी शुद्ध तक्रार मी नोकरीत पाहिली नाही." ते बीडकडचे, इथं येऊन महिनाही झाला नाही. मोबाईलवर तुकडा कानाला लावून ऐकला. त्यांनाही 'निधन'च ऐकू आलं. उद्या दुपारी त्या माणसाला बोलावलंय.

शनिवार, २१ डिसेंबर

काय लिहू आणि कुठून लिहू.

दोन वाजता पोलीस ठाण्यात गेले. बाकावर तो बसलेला. नाव ईरण्णा. पस्तिशीचा, कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात टोपी. मला बघताच उठून उभा राहिला. "नमस्कार, अक्का." बाहेर जीप उभी, उतारूंनी भरलेली, खिडक्या-खिडक्यांतून डोकी ठाण्याकडं वाकलेली.

हवालदारांनी सुरुवात केली. "या बाईंना तू रस्त्यात ओरडतोस का?"

"व्हय साहेब."

"रोज?"

"रोज. सुट्टीचा वार सोडून."

"निधन हो, असं म्हणतोस?"

"तसंच म्हनतो की," ईरण्णा म्हणाला. कसलाही संकोच नाही.

हवालदारांनी माझ्याकडं आणि मी हवालदारांकडं बघितलं. इतका सरळ कबुलीजबाब त्यांनाही नवा असावा.

"का म्हणतोस?"

"काळजी वाटती म्हून."

"काळजी वाटते म्हणून निधन?"

"मंग? बाईमानूस, नवी शायकल, त्यात वळनावर खडी सांडलेली. न्हाय म्हनलं तर कसं हुईल? समद्यास्नी म्हनतो मी. आमच्या आईला बी म्हनतो, रोज घराभायेर पडताना."

"आईला?" मी किंचाळलेच.

"म्हातारी हाय, अक्का. तिला तर दोनदा म्हनावं लागतं."

हवालदारांनी लेखणी खाली ठेवली. तेवढ्यात दारातून शांतम्मा आल्या, हाताला पीठ तसंच. मी ठाण्यात बसलेय ही बातमी गल्लीत पोचायला असा कितीसा वेळ लागणार. "काय झालं बाई? चोरी झाली का?"

हवालदारांनी कागद उचलून वाचून दाखवला. माझं शुद्ध मराठी त्या खोलीत घुमलं: "...माझ्या निधनाची इच्छा उच्चरवात..."

शांतम्मा ऐकत होत्या. मग त्यांनी ईरण्णाला कानडीत काहीतरी विचारलं. त्यानं उत्तर दिलं, आणि त्यात तेच शब्द होते. शांतम्मांनी पदर तोंडाला लावला. आधी खांदे हलले, मग पोट हललं, मग त्या बाकावर बसल्याच.

"अवो बाई! निधन न्हवं, निधान! निधान होगरी! निधान म्हंजे सावकाश. सावकाश जावा, अक्का, म्हनतंय लेकरू!"

बाहेरच्या जीपमधून हसण्याचा असा लोट आला की ठाण्याच्या झाडावरची पाखरं उडाली. हवालदार टोपीनं तोंड झाकून हसत होते. ईरण्णालाच काही कळेना. त्याला समजावलं, तेव्हा त्यानं दोन्ही कानांना हात लावले. "शिवशिवशिव! अक्का, मराठीत सांगाया पायजे हुतं मी. पर घाईत तोंडातनं घरचीच भाषा येती."

आणि हात? तो पंजा खाली खाली दाबलेला? "हळू, हळू, म्हनत हुतो." आणि जीपमधले लोक हसले ते? "तुमी खडी चुकवून बरोबर गेलाव म्हून खूश झालते." आणि त्या दिवशीचा पाठलाग? "त्या ट्रॅक्टरवाल्याचा बिरेक कच्चा हाय, अक्का. म्हनलं तुमी फाट्याला लागूस्तवर मदी ऱ्हावं."

"म्याच सांगितलं हुतं त्याला," शांतम्मा डोळे पुसत म्हणाल्या. "माझ्या माहेरच्या गल्लीतला हाय. म्हनलं आमची बाई नवी हाय, वळनावर तेवडं बघ."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण खरी शिक्षा पुढंच होती. ईरण्णा हवालदारांना सांगू लागला, "साहेब, मी समद्यास्नी वरडतो. लोकं शिव्या देत्यात. कोन थुकतंय. एवढ्या रस्त्यावर ह्या अक्का एकट्याच नीट उत्तर देत्यात. रोज म्हनत्यात, 'बघून जाईन!' लई बरं वाटतं. माझा दिस चांगला जातो."

बघून जाईन.

 हवालदार म्हणाले, "बाई, पुढचा एखादा तुकडा लावता का? बघू काय म्हणता तुम्ही." मी मोबाईल पर्समध्ये टाकला. बॅटरी संपली, असं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच पोलीस ठाण्याची पायरी चढले, आणि तिथं खोटं बोलले.

तक्रार मागं घेतली. हवालदारांनी ती फाडली नाही. भाषेसाठी जपून ठेवतो म्हणाले.

रविवार, २२ डिसेंबर

हे आले. टेम्पोसकट.

शांतम्मांनी ह्यांना अंगणातच सगळी कथा सांगितली, वर कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि वाटीभर दही. हे हसले, पोटभर हसले. मला वाटलं, सुटले. मग हात धुऊन म्हणाले, "पण याचा अर्थ रस्ता धोक्याचा आहे. म्हणूनच तो ओरडतो ना?"

ग्रंथपालाशी वाद घालू नये.

"सगळं चित्रण दाखव," हे म्हणाले. "निवडक नको. सगळं."

दिवसभर बसले. कानात भैरवीनं पाठवलेले हेडफोन घालून, वही-पेन्सिल घेऊन, पंचवीस नोव्हेंबरच्या बगळ्यापासून. मी आतून चहा नेऊन देत होते. काही ठिकाणी थांबवून मागं नेऊन पुन्हा ऐकत होते. वळणावरची खडी नीट दिसत नसेल. एकदा एकटेच हसले. विचारलं तर म्हणाले, "बोकड."

संध्याकाळी टेम्पो रिकामा परत पाठवला. पण निकाल दिला नाही. "ईरण्णाचा शांतम्मांकडं निरोप आहे, येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात बोलावलंय आपल्याला," म्हणाले. "तेव्हा रस्ता प्रत्यक्ष पाहतो. मग ठरवू." म्हणजे आठ दिवस लटकती तलवार.

मंगळवार, २४ डिसेंबर

आज वळणावर तो दिसला. "निधान होगरी, अक्का!" स्वच्छ, काना देऊन. माझे कान महिनाभर तो काना खात होते. मराठी शिकवते मी, मुलांचे काने-मात्रे तपासते.

मी ओरडले, "बघून जाईन!" पहिल्यांदाच खरं.

तो हात हलवून गेला. त्याच्या लेखी आजही तेच झालं जे रोज होत होतं. मला मात्र पुलावर थांबून डोळे पुसावे लागले. महिनाभर एक माणूस मला जपून जा म्हणत होता आणि मी त्याला धमकी देत होते, आणि त्याला तीही गोड लागत होती. त्याला खरं सांगायचं का? अजून धीर होत नाही.

सोमवार, ३० डिसेंबर. येळवस

वेळा अमावास्येला लोहारा ओस पडतं. कुलपं लावून सगळे शेतात. मी सायकलवर, हे ईरण्णाच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर, मांडीवर शांतम्मांचा आंबिलीचा माठ. "मी मागून येतो," हे मला म्हणाले होते. "तू तुझी नेहमीसारखी चल. मी आहे असं समजू नकोस."

कसं समजणार नाही? हँडल नुसतं लटपटत होतं. धुळाप्पाच्या शेळ्या आल्या. आज त्यानं त्या स्वतःहून कडेला घेतल्या, कारण बोकड चांगल्या भावात गेला होता. उसाचा एक ट्रॅक्टर गाणी वाजवत आला आणि गेला. मी कडेची पांढरी रेघ धरून चालले होते. वळण आलं. खडी आली. मी वेग कमी केला, हात दाखवला, खडीला वळसा घालून पुलावर आले.

तेवढ्यात मागून भोंगा. जीप बरोबरीला आली. खिडकीतून डोकं बाहेर आलं, पण ते ईरण्णाचं नव्हतं. ह्यांचं. वाऱ्यानं विस्कटलेले पांढरे केस, एका हातानं माठ धरलेला, दुसरा पंजा उपडा करून खाली, खाली. जन्मभर दुसऱ्यांना 'शांतता राखा' म्हणणारा माणूस बेंबीच्या देठापासून ओरडला:

"निधन हो गं री, वनमाला!"

काना नाहीच. स्वच्छ 'निधन'. जीपमध्ये हास्याचा कल्लोळ झाला. मला इतकं हसू आलं की सायकल डगमगली, आणि हसता हसता जुनी सवय तोंडातून गेलीच, पूर्ण आवाजात, शब्द न् शब्द सुटा:

"बघून घेईन!"

म्हटलं आणि जीभ चावली. ईरण्णा शेजारीच बसलेला! आता सगळं फुटणार. जीप पुढं गेली. ईरण्णाचा हात नेहमीसारखाच हलला.

शेतात कडब्याच्या कोपीत पूजा झाली, चोहीकडं आंबील शिंपडली. सगळ्या भाज्या-शेंगांची मिसळलेली भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. ईरण्णाची आई वाढत होती आणि पान रिकामं होऊ देत नव्हती. जेवण झाल्यावर हे माझ्या सायकलजवळ गेले. मागचं चाक दाबून पाहिलं. मग पिशवीतून एक नवी घंटी काढली, पितळी, खणखणीत, आणि पाना मागून घेऊन स्वतः बसवली. "त्या जुनीचा आवाज शेळ्यांपर्यंत पोचत नाही," म्हणाले. यापलीकडं सायकलबद्दल एक शब्द नाही. ग्रंथपाल असाच बोलतो. मी बांधावर बसून घंटी इतक्यांदा वाजवली की पलीकडच्या शेतातले लोक उठून बघू लागले.

निघताना ईरण्णाला बाजूला गाठलं. म्हटलं, होऊन जाऊ दे एकदाचं. "ईरण्णा, मघाशी पुलावर मी काय म्हणाले, ऐकलंत ना?"

"कुठं अक्का, जीपीत लई दंगा हुता. म्या साहेबास्नी इचारलं, अक्का काय म्हनल्या. ते म्हनले, 'नेहमीचंच. बघून जाईन.'"

म्हणजे ह्यांनाही तसंच ऐकू आलं. तीन कपाटांपलीकडचं पान ऐकणारा माणूस, आणि दहा हातांवरची बायको ऐकू येत नाही! वय झालं, दुसरं काय. रविवारी तुळजापूरला गेले की ह्यांचे कान एकदा डॉक्टरांना दाखवून घेते.